हौसेला मोल नसतं, पण किंमत असते : अँथनी व्हिल्यानुएवा आणि हौशी मुष्टियुद्ध



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. ऑलिम्पिकचा इतिहास म्हटलं की आपण सुवर्णपदकं मोजतो, विक्रम मोजतो. आज मी एका रौप्यपदकाबद्दल बोलणार आहे, आणि त्या पदकाच्या मागेपुढे पसरलेल्या नव्वदेक वर्षांबद्दल. माणसाचं नाव अँथनी व्हिल्यानुएवा. देश फिलिपिन्स. खेळ मुष्टियुद्ध, आणि गट फेदरवेट, म्हणजे ५७ किलोपर्यंतचा.

सुरुवात एका तारखेपासून करू. २३ ऑक्टोबर १९६४, शुक्रवार. टोकियो ऑलिम्पिक संपायला एकच दिवस उरला होता. त्या एका दिवसात टोकियोत काय काय घडलं बघा. हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला १-० असं हरवलं आणि १९६० साली रोममध्ये गमावलेलं सुवर्ण परत मिळवलं. ज्युदो हा जपानचा घरचा खेळ, पण त्याच्या खुल्या गटात नेदरलँड्सच्या आंतोन खेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला हरवलं आणि सगळा जपान सुन्न झाला. त्याच संध्याकाळी जपानच्या मुलींनी व्हॉलीबॉलमध्ये सोव्हिएत संघाला हरवून ते दुःख बरंचसं भरून काढलं. म्हणजे भारतीयांच्या आठवणीत तो दिवस हॉकीचा, डच लोकांच्या आठवणीत ज्युदोचा, जपानी लोकांच्या आठवणीत व्हॉलीबॉलचा.

फिलिपिन्सच्या आठवणीत तो दिवस मुष्टियुद्धाचा आहे. कोराकुएन आइस पॅलेस नावाच्या सभागृहात मुष्टियुद्धाच्या अंतिम लढती होत्या. अमेरिकेचा जो फ्रेझर, पुढे महंमद अलीचा मोठा प्रतिस्पर्धी झालेला, त्याने त्या दिवशी हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. आणि फेदरवेटमध्ये १९ वर्षांचा अँथनी व्हिल्यानुएवा सोव्हिएत संघाच्या स्तानिस्लाव स्तेपाश्किनसमोर उभा राहिला.

तीन विरुद्ध दोन

समोरचा माणूस कोण होता ते आधी समजून घेऊ. स्तेपाश्किन १९६३ सालचा युरोपविजेता होता, आणि १९६५ साली पुन्हा होणार होता. त्याच्यामागे सोव्हिएत व्यवस्था उभी होती. टोकियोत मुष्टियुद्धाचे एकूण १० गट होते आणि त्यांतल्या ९ गटांत सोव्हिएत खेळाडूंनी पदकं घेतली : ३ सुवर्ण, ४ रौप्य, २ कांस्य. याला योगायोग म्हणता येत नाही, हे एका यंत्रणेचं काम आहे.

व्हिल्यानुएवाच्या मागे अशी काही यंत्रणा नव्हती. तरी तो उपांत्य फेरीत अमेरिकेच्या चार्ल्स ब्राउनला हरवून इथवर आला होता. फिलिपिन्सने ऑलिम्पिकमध्ये शेवटचं पदक १९३६ साली बर्लिनला घेतलं होतं. तेव्हापासून २८ वर्षं काहीच नाही. आणि सुवर्ण तर सोडाच, रौप्यही त्या देशाला तोवर कधी मिळालेलं नव्हतं.

लढत तीन फेऱ्यांची, प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. कोणी आडवा पडला नाही, लढत शेवटपर्यंत गेली. निकाल लागला तो पंचांच्या कागदावर : पाचपैकी तिघांनी स्तेपाश्किनला विजयी ठरवलं, दोघांनी व्हिल्यानुएवाला.

आता इथे जरा थांबू, कारण हा आकडा नीट समजला पाहिजे. हॉकीत ३-२ म्हणजे एकाने तीन गोल केले, दुसऱ्याने दोन. ते सगळ्यांना दिसतं. मुष्टियुद्धातलं ३-२ म्हणजे तसलं काही नाही. रिंगच्या भोवती पाच परीक्षक बसलेले असतात. प्रत्येक जण स्वतंत्रपणे फेरीनिहाय गुण देतो. तेव्हा फेरी जिंकणाऱ्याला २० गुण मिळायचे, हरणाऱ्याला त्याहून कमी. शेवटी प्रत्येकाची बेरीज वेगळी, प्रत्येकाचा विजेता वेगळा असू शकतो. मग विजेते मोजायचे. म्हणजे ३-२ चा खरा अर्थ एवढाच, की एका माणसाचं मत दुसरीकडे गेलं असतं तर सुवर्ण मनिलाला गेलं असतं. नऊ मिनिटांची लढत, आणि निर्णय एका पेन्सिलीवर.

व्हिल्यानुएवा जिंकला होता आणि त्याच्यावर अन्याय झाला, असं फिलिपिन्समध्ये तेव्हा मानलं गेलं आणि आजही मानलं जातं. या समजुतीकडे आपण शेवटी परत येऊ.

त्या स्पर्धेतलं वातावरणही काही शांत नव्हतं. याच फेदरवेट गटात स्पेनच्या व्हालेंतिन लोरेनला बाद ठरवलं, तेव्हा त्याने चक्क पंचालाच ठोसा मारला. त्याच्यावर आजन्म बंदी आली. आपल्या मराठीत ‘पंच’ म्हणजे निर्णय देणारा आणि इंग्रजीत तोच शब्द ठोशासाठी. लोरेनने दोन्ही अर्थ एकत्र आणले म्हणायचे. फ्लायवेटमध्ये दक्षिण कोरियाचा चोह दोंग-कीह बाद झाल्यावर रिंगमध्येच खुर्ची टाकून बसला, ५१ मिनिटं हलला नाही. सांगायचा मुद्दा असा, की निकालावर चिडणं ही काही एकट्या फिलिपिनो लोकांची खोड नव्हती. तो त्या खेळाच्या मांडणीतच असलेला दोष होता.

मुष्टियुद्ध या बेटांवर आलं कसं?

फिलिपिन्स म्हणजे सात हजारांहून जास्त बेटांचा देश. तीनशे वर्षांहून अधिक काळ स्पेनचं राज्य. १८९८ साली स्पेन अमेरिकेशी युद्ध हरलं आणि ही बेटं अमेरिकेच्या ताब्यात गेली. फिलिपिनो लोकांनी अमेरिकेविरुद्धही लढा दिला, तो चिरडला गेला. आणि मग अमेरिकन सैनिकांच्या छावण्यांबरोबर मुष्टियुद्ध आलं. आधी सैनिक आपापसांत लढायचे, मग स्थानिक पोरं त्यात उतरली.

१९२३ साली या वसाहतीतला एक मुलगा जगज्जेता झाला. त्याचं खरं नाव फ्रान्सिस्को गिलेदो, रिंगमधलं नाव पांचो व्हिया. नेग्रोस नावाच्या उसाच्या बेटावरचा. १८ जून १९२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने वेल्सच्या जिमी वाइल्डला हरवून फ्लायवेटचं विश्वविजेतेपद घेतलं. दोनच वर्षांनी, १४ जुलै १९२५ रोजी, दाताच्या संसर्गाचं विष अंगात भिनून तो सॅन फ्रान्सिस्कोत वारला. वय अवघं २३.

पांचो व्हिया व्यावसायिक होता, पैशासाठी लढत होता. त्याने त्या देशातल्या गरीब पोरांना एक गोष्ट दाखवून दिली : तुमची उंची कमी असली, वजन कमी असलं, शाळा झालेली नसली, तरी या खेळात तुमच्याच वजनाचा माणूस समोर येतो. बास्केटबॉलमध्ये ही सोय नाही. फिलिपिन्समध्ये मुष्टियुद्ध का रुजलं, याचं निम्मं उत्तर वजनगटांत आहे. उरलेलं निम्मं पैशात आहे.

पण ऑलिम्पिकमध्ये पैशासाठी लढणाऱ्याला दार बंद होतं. तिथे हवे होते हौशी.

बाप आणि मुलगा

अँथनीच्या घरात ऑलिम्पिकचं पदक आधीपासून होतं. त्याचे वडील होसे व्हिल्यानुएवा, ‘सेली’ या नावाने ओळखले जाणारे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये त्यांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवलं. पुढे ते प्रशिक्षक झाले आणि मुलगाही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. वडील कांस्य, मुलगा रौप्य, एकाच खेळात. ऑलिम्पिकच्या इतिहासात अशी घरं फार नाहीत.

१९३२ ची परिस्थिती मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेची वसाहत. तरी ऑलिम्पिकमध्ये १९२४ पासून त्यांचा स्वतंत्र संघ जायचा. आपल्यालाही हे नवीन नाही. भारतही पारतंत्र्यातच, १९२० पासून, आपल्या नावाने ऑलिम्पिकला जात होता. म्हणजे राज्य दुसऱ्याचं, पण खेळाच्या मैदानावर तुम्ही एक देश.

त्याच वेळी कॅलिफोर्नियाच्या शेतांमध्ये हजारो फिलिपिनो मजूर राबत होते. कायद्याने ते अमेरिकेचे ‘नागरिक’ नव्हते आणि पूर्ण ‘परके’ही नव्हते, मधल्यामध्ये लटकलेले. १९३० च्या जानेवारीत वॉटसनव्हिल गावात त्यांच्यावर जमावाने हल्ले केले, त्यात एक फिलिपिनो मजूर मारला गेला. १९३४ साली अमेरिकेने कायदाच केला : दहा वर्षांनी स्वातंत्र्य देऊ, पण आतापासून वर्षाला फक्त ५० फिलिपिनोंना प्रवेश. या दोन घटनांच्या मध्ये, त्याच कॅलिफोर्नियात, एका फिलिपिनो मुष्टियोद्ध्याच्या गळ्यात ऑलिम्पिकचं पदक पडलं. त्या ऑलिम्पिकमध्ये फिलिपिन्सने तीन कांस्यपदकं घेतली : मुष्टियुद्धात व्हिल्यानुएवा, पोहण्यात तेओफिलो इल्देफोन्सो, उंच उडीत सिमेऑन तोरिबियो. या तीन पदकांचं त्या लोकांना काय वाटलं असेल, हे आकड्यात मांडता येणार नाही.

१९४६ साली फिलिपिन्स स्वतंत्र झाला. १९४९ साली दिल्लीत आशियाई खेळ महासंघ स्थापन झाला, त्याच्या पाच संस्थापक देशांत भारताबरोबर फिलिपिन्सही होता. पहिले आशियाई खेळ १९५१ साली दिल्लीत झाले, दुसरे १९५४ साली मनिलात. नव्या स्वतंत्र देशांना खेळ म्हणजे आपली ओळख सांगायची जागा वाटत होती. १९६४ च्या त्या ३-२ ला एवढं वजन का आलं, ते या पार्श्वभूमीवर कळतं.

‘हौशी’ म्हणजे कोण?

आता आपण आजच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मराठीत आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. ‘हौशी’ हा शब्द आपल्याकडे प्रेमाने वापरला जातो. हौशी रंगभूमी, हौशी गायक. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, आणि ही आवड वेगळी. ऑलिम्पिकमध्ये मात्र ‘हौशी’ हा कायद्याचा शब्द होता, आणि तो कायदा कडक होता.

त्याचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. तिथल्या नौकानयनाच्या संघटनेने तर आपल्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं, की कारागीर आणि मजूर हे हौशी समजले जाणार नाहीत. कारण काय, तर हाताने काम करणाऱ्याला अंगमेहनतीचा फायदा मिळतो. खरं कारण, सद्गृहस्थांना मजुरांकडून हरायचं नव्हतं. पुढे भाषा सौम्य झाली, पण गाभा राहिला : ज्याने खेळातून एकदा पैसा घेतला, तो बाहेर. परत येणं नाही.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या जिम थॉर्पने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णं जिंकली. आधी कधीतरी त्याने थोड्या पैशांवर बेसबॉल खेळलं होतं, हे बाहेर आलं आणि पुढच्याच वर्षी दोन्ही पदकं काढून घेतली. त्याच स्पर्धेत त्याच्याकडून हरलेला एक खेळाडू होता, एव्हरी ब्रंडेज. हाच ब्रंडेज पुढे १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचा अध्यक्ष होता, आणि हौशीपणाचा सगळ्यांत कट्टर रखवालदार. स्वतः बांधकाम व्यवसायातला श्रीमंत माणूस. व्हिल्यानुएवा लढला तो याच्या राज्यात.

गंमत अशी, की नियम सगळ्यांना सारखा होता पण त्याचा भार सारखा नव्हता. सोव्हिएत खेळाडू कागदावर सैनिक असायचा, विद्यार्थी असायचा, कारखान्यातला कामगार असायचा. पगार तिथून मिळायचा, दिवसभर काम मात्र सरावाचं. म्हणजे तो कायद्याने हौशी. अमेरिकेतला मुलगा विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर असायचा, तोही हौशी. श्रीमंताचा मुलगा तर हौशीच. उरला कोण? गरीब देशातला गरीब मुलगा. त्याला पगार देणारं राज्य नाही, शिष्यवृत्ती देणारं विद्यापीठ नाही. त्याच्या हौसेचा खर्च त्याच्याच घरातून. खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जायला पैसे कसे उभे करावे लागले होते, ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे हे मी जास्त ताणत नाही.

पदकानंतर

व्हिल्यानुएवा रौप्य घेऊन घरी आला. देशाचं पहिलं ऑलिम्पिक रौप्य. वय १९. पुढे काय करायचं?

एक रस्ता होता : हौशी राहायचं, चार वर्षं थांबायचं, १९६८ ला मेक्सिकोत पुन्हा प्रयत्न करायचा. तेव्हा तो २३ वर्षांचा असता, मुष्टियोद्ध्याच्या ऐन भराचं वय. पण ही चार वर्षं खायचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. ऑलिम्पिक पदकासाठी सरकारने अमुक रक्कम द्यावी असा कायदा फिलिपिन्समध्ये तेव्हा नव्हता.

दुसरा रस्ता डोळ्यांसमोर झगमगत होता. गाब्रिएल ‘फ्लॅश’ एलोर्दे हा फिलिपिनो मुष्टियोद्धा १९६० साली केसोन सिटीच्या नव्याकोऱ्या अरानेता कोलिझियममध्ये ज्युनियर लाइटवेटचा व्यावसायिक जगज्जेता झाला होता आणि १९६४ मध्ये अजूनही ते पद त्याच्याकडेच होतं. देशभर त्याचं नाव होतं, आणि लढतीला पैसा होता.

१९६५ साली व्हिल्यानुएवा व्यावसायिक झाला. त्या सहीबरोबर मेक्सिकोचं दार बंद झालं. हौशी कारकीर्द विशीतच संपली.

आणि व्यावसायिक कारकीर्द? ती जमलीच नाही. थोड्या लढतींत आटोपली. हे का झालं असावं, याचा विचार करण्यासारखा आहे. हौशी मुष्टियुद्ध आणि व्यावसायिक मुष्टियुद्ध हे बाहेरून एकच खेळ वाटतात. प्रत्यक्षात तीन फेऱ्यांची लढत ही धावण्यातल्या मधल्या पल्ल्याच्या शर्यतीसारखी असते. पहिल्या घंटेपासून वेग, स्वच्छ ठोसे, चपळ पाय, म्हणजे परीक्षकांच्या नजरेत भरेल असा खेळ. व्यावसायिक लढत दहा फेऱ्यांची, विजेतेपदाची तर तेव्हा पंधरा. तिथे मार खाऊन उभं राहायची ताकद लागते, समोरच्याला हळूहळू खिळखिळं करायची चिकाटी लागते. एका प्रकारातला उत्तम माणूस दुसऱ्यात चालेलच असं नाही. गंमत म्हणजे ज्या गुणांवर तो ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोचला, त्या गुणांना पैसे देणारी बाजारपेठ नव्हती. आणि जिथे त्या गुणांची कदर होती, तिथे आता त्याला प्रवेश नव्हता.

नंतर त्याने चित्रपटांत थोडं काम केलं. मग हळूहळू विस्मरण. १३ मे २०१४ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, लागुना प्रांतातल्या काबुयाओमध्ये तो वारला. त्याच्या हयातीत फिलिपिन्सला ऑलिम्पिक सुवर्ण मिळालं नाही.

पेन्सिल गेली, बटण आलं

व्हिल्यानुएवानंतर फिलिपिन्सला पदकासाठी पुन्हा २४ वर्षं थांबावं लागलं. १९८८ साली सोलमध्ये लिओपोल्दो सेरांतेसने लाइट फ्लायवेटमध्ये कांस्य घेतलं. त्याच सोलमध्ये अमेरिकेचा रॉय जोन्स यजमान देशाच्या पार्क सी-हुनकडून हरला. निकाल पुन्हा ३-२. सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं होतं की जोन्सने समोरच्याला धुऊन काढलं. एवढी नाचक्की झाली, की गुण देण्याची पद्धतच बदलली.

१९९२ च्या बार्सिलोनापासून संगणक आला. प्रत्येक परीक्षकापुढे बटणं. ठोसा लागला की बटण दाबायचं. पाचपैकी किमान तिघांनी एका सेकंदाच्या आत दाबलं तर एक गुण. आता वाद मिटणार, असं सगळ्यांना वाटलं.

त्या बार्सिलोनात नेग्रोस बेटावरच्या बागो शहरातल्या रोएल वेलास्कोने लाइट फ्लायवेटचं कांस्य घेतलं. हे तेच बेट, जिथून पांचो व्हिया आला होता. चार वर्षांनी अटलांटात, त्याच गटात, त्याचा धाकटा भाऊ मानसुएतो वेलास्को अंतिम फेरीत पोचला. सगळा देश त्याला ‘ओन्योक’ म्हणतो. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई खेळांत त्याने सुवर्ण घेतलेलं होतं. अटलांटाच्या अंतिम लढतीत समोर बल्गेरियाचा दानिएल पेत्रोव, बार्सिलोनाचा रौप्यविजेता. निकाल १९-६, पेत्रोवच्या बाजूने.

आता हा काही एका मताचा फरक नव्हता. तरीही फिलिपिन्समध्ये ओरड झाली, की ओन्योकचे ठोसे लागत होते, बटणं दाबली जात नव्हती. म्हणजे काय, पेन्सिलीच्या जागी बटण आलं, पण बटणावर बोट माणसाचंच होतं. पुढे हीही पद्धत सोडून द्यावी लागली, आणि २०१६ पासून पुन्हा फेरीनिहाय गुण आले. साठ वर्षं हा खेळ एकाच प्रश्नाभोवती फिरतो आहे : माणसाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा तर किती डोळ्यांवर?

ओन्योकचं रौप्य हे ३२ वर्षांनी आलेलं देशाचं दुसरं रौप्य. त्याला आश्वासनांचा पाऊस पडला. त्यातली बरीच पाळली गेली नाहीत, असं तो स्वतः जाहीरपणे सांगत आला. पुढे तो टीव्हीवरचा विनोदी नट म्हणून लोकांना ठाऊक झाला. २०२१ साली, पदकानंतर २५ वर्षांनी, राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी त्याला ५ लाख पेसो आणि ‘ऑर्डर ऑफ लापू-लापू’ हा सन्मान दिला. ही २०२१ ची तारीख अशीच आलेली नाही. त्या वर्षी टोकियोत काहीतरी घडलं होतं.

पुन्हा टोकियो

करोनामुळे वर्षभर लांबलेलं ते ऑलिम्पिक. २६ जुलै २०२१ रोजी वेटलिफ्टर हिदिलिन दियाझने फिलिपिन्सचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. आणि मुष्टियुद्धात तीन पदकं आली.

नेस्ती पेतेसियो : रौप्य. गट फेदरवेट, ५४ ते ५७ किलो. शहर टोकियो. म्हणजे ५७ वर्षांपूर्वी अँथनी व्हिल्यानुएवाला ज्या शहरात, ज्या नावाच्या गटात रौप्य मिळालं, तिथेच. फरक एवढा, की १९६४ मध्ये ऑलिम्पिकच्या मुष्टियुद्धात बायकांना जागाच नव्हती. ती २०१२ साली मिळाली. पेतेसियो अंतिम लढतीत जपानच्या सेना इरिएकडून हरली, पाचही परीक्षकांच्या मताने. कार्लो पालाम : फ्लायवेटमध्ये रौप्य. लहानपणी कागायान दे ओरोच्या कचरा डेपोवर भंगार वेचणारा मुलगा.

आणि तिसरा, युमिर मार्सियाल : मिडलवेटमध्ये कांस्य. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा सगळ्यांत महत्त्वाचा. उपांत्य फेरीत तो युक्रेनच्या ओलेक्सांद्र खिझ्नियाककडून हरला. निकाल काय? ३-२. पण मुद्दा तो नाही. मार्सियाल २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत व्यावसायिक म्हणून पहिली लढत लढला होता, आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी ऑलिम्पिकमध्ये उतरला. कोणी अडवलं नाही. कारण ऑलिम्पिकच्या सनदेतून ‘हौशी’ हा शब्द केव्हाच निघाला होता, आणि २०१६ पासून मुष्टियुद्धाचं दारही व्यावसायिकांना उघडलं होतं. ज्या सहीने व्हिल्यानुएवाची ऑलिम्पिक कारकीर्द विशीत संपली, तशीच सही करून मार्सियाल टोकियोत पदक घेऊन गेला.

आणि पैसा? २०१५ च्या कायद्यानुसार फिलिपिन्समध्ये ऑलिम्पिक सुवर्णाला १ कोटी पेसो, रौप्याला ५० लाख, कांस्याला २० लाख, हे आता कायद्याने ठरलेलं आहे. शिवाय उद्योगपतींची बक्षिसं वेगळी. म्हणजे पेतेसियोच्या रौप्याला कायद्याने ५० लाख पेसोंचा हक्क होता. व्हिल्यानुएवाच्या त्याच रौप्याला असा कुठलाच हक्क नव्हता.

पॅरिसमध्ये २०२४ साली पेतेसियो आणि ऐरा व्हियेगास यांनी आणखी दोन कांस्यपदकं आणली. पॅरिसपर्यंत फिलिपिन्सची ऑलिम्पिक पदकं १८. त्यांतली १० मुष्टियुद्धाची. ४ रौप्य, ६ कांस्य. मुष्टियुद्धात सुवर्ण मात्र अजून एकही नाही.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

*प्रश्न : मॅनी पॅकियाओचं नाव तुम्ही घेतलंच नाहीत. तो ऑलिम्पिकमध्ये का नाही?*

चांगला प्रश्न आहे. पॅकियाओ किशोरवयातच व्यावसायिक झाला, पोटासाठी. म्हणजे त्याच्या बाबतीत तो हौशी रस्ता ऑलिम्पिकपर्यंत पोचलाच नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये देशाचा झेंडा त्याच्या हातात दिला होता, पण खेळाडू म्हणून नव्हे. नंतर पॅरिसमध्ये उतरायची इच्छा त्याने दाखवली, तर तोवर वय ४५ झालं होतं आणि ऑलिम्पिक मुष्टियुद्धात चाळिशीची मर्यादा आहे. व्हिल्यानुएवा ऑलिम्पिककडून व्यवसायाकडे गेला आणि अडकला. पॅकियाओ ऑलिम्पिकमध्ये लढलाच नाही आणि आठ वेगवेगळ्या वजनगटांत जगज्जेता झाला. फिलिपिन्समधल्या गरीब पोरांनी यातून काय धडा घेतला असेल, ते सांगायला नको. देशाकडे गुणी मुष्टियोद्धे भरपूर असूनही ऑलिम्पिक सुवर्ण का नाही, याचं एक कारण इथे आहे. चांगली पोरं हौशी म्हणून टिकायचीच नाहीत.

*प्रश्न : शेवटी तुमचं मत काय? व्हिल्यानुएवा ती लढत जिंकला होता का?*

बघा, पाच जाणकार माणसं रिंगला लागून बसली होती, आणि त्यांचंही एकमत झालं नाही. साठ वर्षांनी खुर्चीत बसून निकाल फिरवणं हे इतिहासाचं काम नव्हे. इतिहासाने विचारायचं ते असं, की त्या देशाला इतकी वर्षं ‘आपण जिंकलो होतो’ असं का वाटत राहिलं. मला वाटतं, त्याचं कारण त्या नऊ मिनिटांपेक्षा नंतरच्या पन्नास वर्षांत आहे. सोव्हिएत यंत्रणेला एका मताच्या अंतरावर गाठणारा मुलगा घरी आला आणि त्याला पुढची चार वर्षं सांभाळायची सोय देशाने केली नाही. अन्याय परीक्षकांनी केला असं म्हटलं की ती दुसरी गोष्ट झाकली जाते. तिघांना दोष देणं सोपं असतं. नाही का?

परीक्षकांचा निकाल बदलता येत नाही. खेळाडूला पुढचं ऑलिम्पिक येईपर्यंत जगवणं मात्र हातात असतं, आणि ते फिलिपिन्सने उशिरा का होईना, कायदा करून केलं. २०२१ च्या टोकियोत त्याचं फळ दिसलं. हौसेला मोल नसतं हे खरं, पण कोणीतरी तिची किंमत भरत असतं. १९६४ साली ती एका १९ वर्षांच्या मुलाने एकट्याने भरली होती.